खाली आणून दिलेली पुस्तकं

सोमवार, १९ जून १९७८
कॉलेज आज उघडलं. महिनाभराच्या सुट्टीत कबुतरांनी वरच्या खणांची दैना करून ठेवली होती. कोंडीबा फडकं घेऊन शिडीवर चढायला कुरकुर करत होता, म्हणून निम्मं मीच पुसलं. लायब्ररीत शिपाई म्हणून अकरा वर्षं झाली त्याला, पण अंगातला आळस काही जात नाही.

साडेअकराला जिन्यातला गलका एकदम थांबला. पहिल्या दिवशी जिन्यात इतकी शांतता कधी नसते, म्हणून बाहेर येऊन पाहिलं. एक मुलगी जिना चढत होती. म्हणजे पायरीवर पाठमोरी बसून, तळहात वरच्या पायरीवर टेकून अंग उचलायची आणि मग लोखंडी पट्ट्या बांधलेले पाय एकेक करून ओढून घ्यायची. कुबड्या दर वेळी आधी एक पायरी वर सरकवायची. पोरं कठड्याला चिकटून उभी होती. कुणी हसत नव्हतं. हसले असते तर मला रागवता तरी आलं असतं.

मी धावतच खाली गेलो. म्हटलं, "अहो, हे काय करताय? कोण पाहिजे तुम्हाला?"

"लायब्ररी वरच हाय न्हवं?" तिनं पदरानं कपाळ पुसलं. "सतरा झाल्या. ऱ्हायल्या किती?"

"एकूण एकतीस आहेत."

"मंग चौदाच की."

मी म्हटलं, तुम्ही अजिबात चढायचं नाही. पाहिजे ते पुस्तक चिठ्ठीवर लिहून द्या, मी खाली आणून देईन. ती वर, लायब्ररीच्या दाराकडे बराच वेळ बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि आली तशीच उतरू लागली.

नाव अंजना केरबा गोरड. बी.ए.चं शेवटचं वर्ष, इतिहास. दहिवडीच्या पुढचं, माण तालुक्यातलं कुठलं तरी गाव. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. सांगलीत मावशीकडे राहते. वय तेवीस.

एका माणसाची रोजची विटंबना मी आज थांबवली. नोकरीत असं समाधान क्वचितच मिळतं.

मंगळवार, ४ जुलै
व्यवस्था आता बसली आहे. अंजनाबाई तीनचाकी हातसायकलवरून येतात, सायकल कडुनिंबाखाली लावतात आणि कुबड्यांवर व्हरांड्यातल्या बाकापर्यंत येतात. तिथवर तीन पायऱ्या आहेत, तेवढ्या कशाबशा जमतात त्यांना. दुपारी बाराला चिठ्ठी वर येते, चारला पुस्तक खाली जातं.

पहिला आठवडा कोंडीबा पुस्तक नेत होता. पण तो कठडा धरून इतका रेंगाळत उतरतो की बघवत नाही, आणि आकडे उलटेसुलटे वाचतो. गेल्या सोमवारपासून मीच जातो. काम कोणतंही असो, स्वतः केलेलं बरं.

त्या मला "सर" म्हणतात. मी प्राध्यापक नाही, ग्रंथपाल आहे, हे एकदा सांगायला हवं. सवडीनं सांगेन.

बुधवार, २६ जुलै
आईचं औंधहून पत्र. वडूजकडचं एक स्थळ आहे, मुलगी सातवी शिकलेली, रविवारी येऊन जा म्हणते. लायब्ररीची साठा तपासणी चालू असल्यामुळे येणं अशक्य आहे, असं कळवलं. साठा तपासणी मार्चमध्ये असते, पण तयारी आधीपासून करावी लागते.

आज अंजनाबाईंनी गिरणी कामगारांच्या संपांवरचं एक जाडजूड पुस्तक मागितलं होतं. वडील मुंबईत गिरणीत आहेत म्हणून असेल. मी चाळून पाहिलं, नुसते तक्ते आणि आकडे. त्याऐवजी एका राणीचं चरित्र नेलं, सोप्या भाषेतलं. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि विचारलं, "ते नव्हतं व्हय?"

"बाहेर गेलंय," मी सांगून टाकलं.

खोटं बोललो, पण त्यांच्या सोयीसाठी. एवढं ओझं घेऊन हातसायकल कशी चालवणार?

निळा शर्ट धोब्याकडून चांगला आला आहे.

बुधवार, ९ ऑगस्ट
आज चारची गाठ पाऊण तास चालली. अंजनाबाई म्हणाल्या, "सर, एक सांगा. मी मागवलेलं पुस्तक मांडणीत ज्या जागी असतं, त्याच्या शेजारी काय असतं?"

म्हटलं, त्याच विषयावरची दुसरी पुस्तकं.

"आन् त्याच्या शेजारी?"

मी सांगत गेलो. इतिहासाच्या खणानंतर भूगोल कसा नाही येत, चरित्रं कुठे, प्रवासवर्णनं कुठे, खिडकीजवळच्या मांडणीत जुने अंक कसे रचलेत, उन्हानं त्यांचे कणे कसे पिवळे पडलेत. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी इतकं कुणाशी बोललेलो नाही. वाटत होतं, त्यांनी विचारत राहावं.

शेवटी त्या म्हणाल्या, "चिठ्ठीवर लिवायला पुस्तकाचं नाव म्हायती पायजे. जे हाय म्हणूनच मला म्हायती न्हाई, ते कसं मागू?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

त्यांनी पुस्तक पिशवीत ठेवलं. त्यांना पटलं असावं.

सोमवार, २१ ऑगस्ट
आठवडाभर तापानं पडून होतो. डोकं उचलवत नव्हतं. खोलीचा मालक पेज आणून द्यायचा. चार वाजले की जाग यायची, हा तापाचा काही प्रकार असावा. कोंडीबाला निरोप पाठवला होता की चिठ्ठ्या नीट बघ. बघितल्या असतील असं वाटत नाही.

गुरुवार, २४ ऑगस्ट
जे वाटलं होतं तेच. अंजनाबाईंनी ९२३ क्रमांकाचं एक चरित्र मागितलं, कोंडीबानं ५२३ मधलं ताऱ्यांवरचं पुस्तक नेऊन दिलं. मी खाली जाऊन माफी मागितली. त्या हसत होत्या. हसल्या की पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेले दिसतात.

"आवं सर, माफी कसली? दोन दिसात वाचून काढलं मी. लय म्हंजे लयच भारी." त्यांनी एक चित्र उघडून दाखवलं. "ह्ये सप्तर्षी न्हवं का? आमच्याकडं ह्येला बाजलं म्हणत्यात. आमचा आबा मेंढरामागं असला की रातचा ह्येच्यावर येळ बघायचा. मला वाटायचं, ह्ये फकस्त आमच्या लोकांनाच म्हायती. आन् हितं छापलंय."

मग बराच वेळ घरचं सांगत होत्या. वडील गिरणीत, पण आजोबा, चुलते, चुलत्या सगळे दसरा झाला की मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पावसालाच परतायचे. कृष्णेच्या काठानं, कधी घाट उतरून कोकणाच्या अंगाला. घोड्यावर संसार, करडं, कोंबड्या, पोरं सगळी बरोबर. घरी राहायची एक आंधळी आजी आणि ही.

"परत आली की समदी मला कायबाय आणून द्यायची," त्या म्हणाल्या. "समुद्रावरचं शिंपलं. मोराचं पीस. एकदा चुलत्यानं नदीतला गोल धोंडा आणलावता. मी म्हणायची, नदी कशी असती? तर म्हणायचा, आता लय मोठी असती. झालं. समदं आणून दिल्यालंच बघितलंय मी. मला हिंडायचं होतं, सर."

मला गलबलून आलं. ताऱ्यांवरची आणखी तीन चांगली पुस्तकं काढून उद्यासाठी बाजूला ठेवली आहेत.

शुक्रवार, २५ ऑगस्ट
तीन पुस्तकं दिली. त्या म्हणाल्या, "चांगली हायत. पर सर, मला तो खणच बघायचा हाय. सबंध खण."

खण कसा खाली आणणार? मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

कोंडीबाच्या चुकीचं त्यांनी तीनदा कौतुक केलं. मी दोन महिने एक चूक केली नाही, त्याबद्दल काही नाही. अर्थात अपेक्षाही नव्हती.

सोमवार, १८ सप्टेंबर
प्राचार्यांनी बोलावलं होतं. अंजनाबाईंनी त्यांच्याकडे अर्ज दिलाय, मला एका शब्दानं न सांगता. अक्षर स्वच्छ, टपोरं. त्यांनी लिहिलं होतं की ग्रंथालय खालच्या मजल्यावर आणावं, आणि व्हरांड्याच्या तीन पायऱ्यांना उतार बांधावा. खाली आणखी दोन सह्या होत्या. एक काठी घेऊन चालणाऱ्या अकरावीच्या मुलाची. दुसरी अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांची. ते चार वर्षं लायब्ररीत आले नाहीत. मला वाटलं होतं, वाचन सुटलं असेल.

प्राचार्य म्हणाले, "घार्गे, व्यवहारात बसेल का हे? तुमचा लेखी अभिप्राय द्या. तुम्ही नको म्हणालात तर विषय मिटला."

दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

बुधवार, २० सप्टेंबर
अभिप्राय दिला. इथे उतरवून ठेवतो, कारण भाषा बरी साधली आहे.

"सदर विद्यार्थिनीस ग्रंथपुरवठा करण्याची समाधानकारक व्यवस्था ग्रंथालयाने स्वखुशीने केली असून ती विनाखंड सुरू आहे. एका व्यक्तीच्या सोयीसाठी अकरा हजार ग्रंथांचे स्थलांतर केल्यास ग्रंथांचे नुकसान संभवते. सबब, तूर्त बदलाची आवश्यकता दिसत नाही."

यात एकही शब्द खोटा नाही. ग्रंथांचं नुकसान होतंच. शिवाय खालच्या मजल्यावर धूळ, गोंगाट, ओल. त्या एकट्या मांडण्यांमधून कुबड्यांवर फिरणार, पडल्या तर? मी प्रत्येक वेळी जवळ असेनच असं नाही. आहे हे काय वाईट आहे?

चारला गेलो तेव्हा अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. भडंगाची पुडी नेली होती. त्यांनी निम्मी कोंडीबासाठी बाजूला काढली.

बुधवार, १ नोव्हेंबर, औंध
पाडवा. आज दुपारी यमाईला गेलो. दर वर्षी आई डोंगरावर मूळपीठाला जाते. यंदा म्हणाली, खालच्याच देवळात जाऊ. मी म्हटलं, वर्षाचा सण, वर नको का जायला? तर म्हणाली, "गुडघं दुखाय लागलं बाबा आता. द्येवीला म्हायती हाय, म्हातारी माणसं असत्यात. म्हणून तर ती खाली बी येऊन बसलीया. न्हाईतर आमी कुटं जायाचं हुतं?"

तिनं देवीपुढे माझ्या लग्नाचं साकडं घातलं, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

सुट्टी फार लांब आहे. अंजनाबाई गावाला जाताना मी निवडलेली चार पुस्तकं घेऊन गेल्यात. वाचून झाली असतील का, एवढीच एक उत्सुकता आहे.

सोमवार, २० नोव्हेंबर
सत्र सुरू होऊन आठवडा झाला. एक चिठ्ठी नाही. हातसायकल कडुनिंबाखाली रोज दिसते. चारही पुस्तकं कोंडीबाच्या हाती परत आली. मी चारला दोनदा खाली गेलो. बाक रिकामं.

कोंडीबाला विचारलं, तर म्हणाला, "मला काय म्हायती, साहेब," आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

बुधवार, २२ नोव्हेंबर
आज त्यांना वर्गाबाहेर गाठलं. विचारलं, तब्येत बरी आहे ना, परीक्षा जवळ आली, चिठ्ठी का नाही?

त्या कुबड्यांवर उभ्या होत्या. उभं राहिलं की त्यांचे खांदे कानांपर्यंत येतात. म्हणाल्या, "प्राचार्यांनी कागद वाचून दावला मला. तुमीच लिवलंय न्हवं?"

मी म्हटलं, त्यात काही खोटं नाही. नुकसान होतं पुस्तकांचं. आणि तुमची व्यवस्था चाललीच आहे.

"तुमचा राग न्हाई मला," त्या म्हणाल्या. "तुमी जेवढं केलं तेवढं कुणी केलं न्हाई. पर सर, मी रोज चार वाजायची वाट बघती. तुमची वाट बघती. कवा येताय, काय घिऊन येताय."

इथे प्रामाणिकपणे लिहितो: तेवढ्या एका क्षणी मला फार बरं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "आन् वाट बघायचा मला कटाळा आलाय. जलमापासनं तेच करतीया. दाराशी बसायचं आन् कोण काय आणतंय बघायचं. तुमाला वाटतं तुमी मला पुस्तकं देताय. तुमी मला परत दाराशीच बसवलंय."

त्या निघाल्या. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरताना एक कुबडी घसरली. मी पुढे झालो, पण त्यांनी खांबाला धरून सावरलं आणि माझ्याकडे न बघता सायकलवर बसल्या.

गिरणी संपांचं पुस्तक मी मांडणीतून काढून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. ते तिथंच आहे.

सोमवार, २७ नोव्हेंबर
चार दिवस काही लिहिलं नाही. आज संपांचं ते पुस्तक कोंडीबाला दिलं. म्हटलं, अंजनाबाईंना नेऊन दे. तो जिन्याच्या टोकाला थांबला. मी ओरडलो, "चल की, आता काय मुहूर्त बघतोयस?"

तो वळला. म्हणाला, "साहेब, एक डाव बसतो दोन मिंटं. आज गुडगा लयच ठणकाय लागलाय."

मी विचारलं, काय झालं गुडघ्याला?

त्यानं विजार वर केली. गुडघ्याच्या वाटीखाली मूठभर जागा खोल गेलेली, कातडी चामड्यासारखी. पासष्टच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा घुसला होता. तेव्हाच फौजेनं घरी पाठवलं, उंब्रजला. आठ महिने खाटेवर होता. त्यानंतर ही नोकरी.

"अकरा वर्षांत सांगितलं नाहीस कधी," मी म्हटलं.

"तुमी इचारलंच न्हाई. आन् सांगून काय, लायब्ररी तर वरच हुती." तो उठला. "अंजनाबाईनं पयल्याच दिवशी वळखलं. म्हणली, मामा, तुमी कठड्याला धरून डाव्या अंगावर उतरताय. कवापासनं?"

पुस्तक मीच नेऊन बाकावर ठेवलं. तिथं कुणी नव्हतं.

सोमवार, ४ डिसेंबर
प्राचार्यांना नवं पत्र दिलं. चार वेळा लिहिलं, चारही वेळा "सबब" आणि "तूर्त" यायला लागले. शेवटी साधं लिहिलं: माझा २० सप्टेंबरचा अभिप्राय चुकीचा होता. अर्जदारानं जे मागितलं आहे ते योग्य आहे. ग्रंथालय खाली आणावं. पुस्तकांची जबाबदारी मी घेतो.

प्राचार्यांनी चष्मा काढला. "घार्गे, दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच लेखी दिलं होतं की आवश्यकता नाही."

"हो."

"मग चुकलं कुठं?"

म्हटलं, "मी अर्जदाराला विचारलं नव्हतं."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, जिमखान्याची मोठी खोली आणि शेजारचं कोठार मिळेल. पण हलवाहलव तुमची तुम्ही करायची. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं घ्या. आणि एक पुस्तक हरवलं तरी मला सांगू नका.

अंजनाबाईंना निरोप कोंडीबाबरोबर पाठवला. त्याच्या हाती उत्तर आलं, चिठ्ठीवर, टपोऱ्या अक्षरात: "दोन मांडण्यांत किती अंतर ठेवणार?"

सोमवार, १५ जानेवारी १९७९
संक्रांतीची सुट्टी कामात घालवली. एकतीस पायऱ्यांवर ऐंशी मुलं साखळी करून उभी होती, हातोहात पुस्तकं खाली. कोंडीबाला खुर्ची देऊन खाली बसवलं. तो फौजेतल्यासारखे हुकूम सोडत होता आणि पोरं "हां जी" करत होती. साडेतीन दिवस लागले. एकाही ग्रंथाचं नुकसान नाही. ते वाक्य मी लिहिलं होतं, हे आता आठवू नये असं वाटतं.

अंजनाबाईंना पहिल्यांदाच मोठ्यानं बोलताना ऐकलं. मी मांडण्यांमध्ये अडीच फूट सोडलं होतं. त्या कुबड्यांवर आत गेल्या, मधोमध थांबल्या आणि म्हणाल्या, "आता सर, वळू कशी?" साडेतीन फूट केलं. मग म्हणाल्या, "दोन्ही हात कुबड्यांवर. पुस्तक कशानं काढू?" हे मला खरोखरच सुचलं नव्हतं. प्रत्येक मांडणीच्या शेवटाला एक बुटकं बाक ठेवायचं ठरलं, बसून दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून. वरचे दोन खण रिकामे ठेवून त्यात न लागणारे जुने अहवाल टाकले.

मी हातात कागद घेऊन मागे मागे चालत होतो आणि त्या सांगतील ते लिहून घेत होतो. इतक्या महिन्यांत त्यांना काय लागतं हे मी एकदाही लिहून घेतलं नव्हतं.

बुधवार, ३१ जानेवारी
गवंड्यानं उतार बांधला तो छपरासारखा तिरपा. अंजनाबाई सायकल घेऊन निम्म्यावर गेल्या आणि सायकल मागे घरंगळली. मागे उभ्या असलेल्या दोन मुलींनी धरली म्हणून बरं. अंजनाबाई खाली उतरल्या नाहीत. गवंड्याला म्हणाल्या, "काका, मेंढरं सुदिक असल्या चढाला आडवी चालत्यात. लांबवा की वाईच."

उद्या फोडून परत बांधणार आहे, बागेच्या कुंपणापर्यंत लांब.

सोमवार, १२ फेब्रुवारी
नवीन जागेत ग्रंथालय उघडलं. नारळ निवृत्त प्राध्यापकांनी फोडला. चार वर्षांनी आले होते. मांडणीवरून हात फिरवत होते, जशी माणसं गाईच्या पाठीवरून फिरवतात.

अंजनाबाई दहाला आत आल्या. उतारावरून सायकल थेट दारापर्यंत. मी टेबलाशी उभा राहिलो. वाटलं होतं, काही विचारतील. त्यांनी मान हलवली आणि सरळ पहिल्या मांडणीकडे गेल्या. तिथून दुसरीकडे. मग तिसरीकडे. लगेच पुस्तक काढत नव्हत्या, नुसते कणे वाचत होत्या. मधूनच बाकावर बसायच्या, एखादं काढायच्या, दोन पानं वाचायच्या, ठेवायच्या, उठायच्या. शेतीचा खण, वैद्यकाचा, स्वयंपाकाचा, कायद्याचा. कानडी पुस्तकांच्या खणापाशी पंधरा मिनिटं होत्या. त्यांना कानडी येत नाही.

तीन तास हिंडत होत्या. एकदाही टेबलाकडे आल्या नाहीत.

मी दाखल नोंदी लिहायला घेतल्या. एकच क्रमांक दोनदा लिहिला गेला.

सोमवार, ५ मार्च
साठा तपासणी सुरू. आईला कळवलं. या वेळी खरं आहे.

चार वाजता हल्ली खूप गर्दी असते. काठीवाला मुलगा आता रोज येतो. इंग्रजीच्या बाईंना सातवा महिना लागलाय, त्याही म्हणाल्या की बरं झालं बाई. कोंडीबा शिडीवर न चढता दिवसभर पुस्तकं लावतो आणि त्याला ९२३ आणि ५२३ मधला फरक नीट कळतो. मग तेव्हा काय झालं होतं, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, "साहेब, त्या पोरीनं सांगितलंवतं. मामा, एक डाव मनाचं कायबी आणा."

ते मला आज कळलं. रागवायला हवं होतं, पण राग आला नाही.

शुक्रवार, २० एप्रिल
परीक्षा संपल्या. अंजनाबाई आज ना-देय दाखला न्यायला आल्या. बाहेर मावशी, साळूबाई, सायकलपाशी उभ्या. उद्या सकाळच्या एस.टी.नं गावी. दहिवडीला एका शाळेत नोकरीसाठी अर्ज केलाय अंजनाबाईंनी. मुलाखतीचं पत्र आलंय. शाळा बैठी आहे, हे त्यांनी आधी जाऊन बघून घेतलं.

दाखल्यावर सही केली, शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत त्या थांबल्या. मी पुष्कळ काही ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते हे: "सगळी पुस्तकं जमा आहेत. काही बाकी नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. मग: "सर, एक ऱ्हायलंच इचारायचं. इतकी पुस्तकं तुमी माझ्यासाठी निवडून आणली. पर तुमाला सोताला कंचं आवडतं, ते कवाच सांगितलं न्हाई."

असं मला कुणी विचारलेलं नाही. मी सांगितलं, हिमालयातल्या नद्यांच्या उगमांवरचं एक जुनं प्रवासवर्णन आहे. एक माणूस एकटा पायी गेला होता. मी विशीत वाचलं. जिल्ह्याबाहेर कधी गेलो नाही मी, पण त्या पुस्तकातला एकेक मुक्काम मला पाठ आहे.

"कुटं हाय ते?"

माझे हात खुर्चीच्या हातांवर गेले होते. उठून आणायला किती वेळ लागतो? पंधरा पावलं. मी हात परत टेबलावर ठेवले.

"खिडकीजवळची मांडणी," मी म्हटलं. "खालून दुसरा खण. तपकिरी कणा."

त्या गेल्या. कुबड्यांचा आवाज मांडण्यांमधून लांब गेला, थांबला, बाक सरकल्याचं ऐकू आलं, मग पान उलटल्याचं. साळूबाई दारातून डोकावल्या. "झालं का गं अंजने?" आतून उत्तर आलं, "जरा थांब मावशे, हा माणूस आत्ता कुटं निघालाय."

साडेपाचला बंद करायची वेळ. कोंडीबानं घंटेची दोरी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. त्यानं दोरी सोडली आणि साळूबाईंना बसायला खुर्ची नेऊन दिली.

मी टेबलाशी बसून राहिलो. आतून पान उलटल्याचा आवाज येत होता. थोडा वेळ थांबायचा, परत यायचा. उगमापर्यंत पोचायला त्या माणसाला एकशे चाळीस पानं लागतात.